झुकणारी गाडी

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये रिस्टोलाच्या चढावर आमची गाडी तीन कोलांट्या खाऊन राय धान्याच्या शेतात चाकं वर करून थांबली. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना चीर गेली. गाडी चालवत होती माझी थोरली बहीण हेलेवी. तिच्या फक्त तोंडात माती गेली होती. पट्ट्यांना उलटी लटकलेली असतानाच तिनं विचारलं, "मेर्वी, बोल गं. काहीतरी बोल."

मी म्हणाले, "पुढं डावं वळण आहे."

वहीत तेच लिहिलेलं होतं, म्हणून म्हणाले. ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

हेलेवी एकोणपन्नास वर्षांची. बावीस वर्षं ती आमच्या वेहमा गावची शाळेची बस चालवते. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून खडीच्या रस्त्यांवरच्या रॅलीत उतरतो. ती चालवते, मी शेजारी बसून रस्त्याच्या नोट्स वाचते: कुठं वळण, किती तीव्र, कुठं उंचवटा. आमची गाडी चार दारांची, मागच्या चाकांवर चालणारी, चाळिशीच्या घरातली. अशा म्हाताऱ्या गाड्यांचा वेगळा गट असतो, त्यात आम्ही अकरा वर्षं धावतोय. एकदा तिसऱ्या आलो होतो, तेवढंच.

अपघात झाला त्या उन्हाळ्यात गाडीला नवं सस्पेन्शन बसवलं होतं. बसवलं रेयो हिएतालानं. रेयोचं गावात गॅरेज आहे, आणि चौदा वर्षं तोच आमच्या रॅली क्लबचा अध्यक्ष आहे. त्यानं बाहेरून मागवलेला स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा संच क्लबमधल्या सहा गाड्यांना घातला. गाडी चार बोटं खाली आणली, दगडासारखी कडक केली. मग बॉनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन म्हणाला, "बघा, हलते का? वळणावर सुद्धा अशीच राहणार. झुकायचं नाव नाही." आम्हाला खूप भारी वाटलं. दिसायलाही ती झोकदार दिसत होती, हे कबूल करायला हवं.

अपघातानंतर क्लबकडून चौकशीचा कागद आला. अपघाताचं कारण म्हणून त्यावर तीन चौकोन होते: रस्ता, चालक, नोट्स. एकावर खूण करायची आणि सही करायची. हेलेवीनं तिन्ही मोकळे सोडले, खाली पेनानं चौथा चौकोन काढला, त्याच्यापुढं 'सस्पेन्शन' लिहिलं आणि त्यावर खूण केली. कागद परत आला. तिनं तोच परत पाठवला. पुन्हा परत आला, सोबत चिठ्ठी: 'कृपया दिलेल्या पर्यायांतून निवडावे.' तिनं चौथा चौकोन आणखी ठळक गिरवला आणि पाठवून दिला.

मग एका गुरुवारी रेयो शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आला. मी एका हातानं वाटाण्याचं सूप ढवळत होते, दुसरा हात अजून झोळीत होता.

"कसं आहे हाड?" त्यानं विचारलं.

"जुळतंय."

"हे बघ मेर्वी, मला हेलेवीचं वाईट करायचं नाहीये. पण चालकाची चूक अशी नोंद झाली तर पुढच्या वर्षी तिला आधी प्रशिक्षणाला पाठवावं लागेल, मग हळू गटात. या वयात बरं दिसतं का ते?" तो जरा थांबला. "नोट एखादा सेकंद उशिरा आली असेल तर गोष्ट वेगळी. तुझ्यावर काय बंधन येणार? तू काय, नुसती वाचणारी."

त्यानं चौकशीचा कागद पिठाच्या डब्यावर ठेवला आणि गेला.

खरं सांगते, मी सही करणार होते. रात्र रात्र मी तेच आठवत होते: मी 'उंचवटा, सरळ सोड' कधी म्हणाले? वेळेत म्हणाले ना? इतक्यांदा आठवलं की शेवटी माझा आवाज मलाच उशिरा ऐकू यायला लागला.

हेलेवी मुलांना सोडून बस धुवायला आली तेव्हा मी तिला कागद दाखवला. तिनं वाचला. एरवी ती भडकली की आरडाओरडा करते. त्या दिवशी तिनं पाण्याची नळी बंद केली आणि अगदी हळू बोलली.

"तू वेळेवर सांगितलंस. मी ऐकलं. मी स्टिअरिंग सरळ धरलं होतं, आणि तरी मागची बाजू घोड्यानं लाथ मारावी तशी वर उडाली. रस्ता मी सोडला नाही, गं. गाडीनं सोडला. आणि का सोडला ते मी शोधून काढणार आहे. सही केलीस तर याद राख."

तिनं त्या कागदानं बसचा आरसा पुसला.

गाडीच्या आतल्या लोखंडी पिंजऱ्यानं आम्हाला वाचवलं होतं आणि सांगाडाही बराचसा वाचवला होता. हिवाळाभर आम्ही पत्रा सरळ केला. मला वाटलं होतं आता हेलेवी रेयोचा संच भंगारात टाकेल. तिनं तोच परत बसवला. "आधी मला या संचाला चोरी करताना पकडायचंय," म्हणाली. मग वायरी बांधायची प्लास्टिकची बारीक पट्टी असते ना, तशी एकेक पट्टी तिनं चारही शॉकच्या चकचकीत दांड्यांभोवती घट्ट बांधली. दांडा जितका आत जाईल तितकी पट्टी वर ढकलली जाणार आणि तिथंच राहणार. म्हणजे चाक जास्तीत जास्त किती वर आलं ते उतरून नुसतं बघितलं तरी कळतं.

मे महिन्यात बर्फ गेल्यावर आम्ही लाकडाच्या ट्रकांसाठी केलेल्या एका खासगी रस्त्यावर गेलो. मालकाची परवानगी होती. ट्रकांनी त्या रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पाडल्या होत्या. रिस्टोलाच्या माथ्याआधी आहेत अगदी तशाच. मी गाडीत बसले नाही. मी स्टॉपवॉच घेऊन रस्त्याकडेला उभी राहिले. हेलेवीनं 'बसतेस का' असं विचारलंही नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी होते.

ती ऐंशीच्या वेगानं लाटांवरून गेली. ऐंशी म्हणजे काहीच नाही, रॅलीत आम्ही तिथं एकशे तीसनं असतो. गाडी थांबवून ती मागच्या चाकाशी आडवी झाली. पट्टी पार वरपर्यंत गेली होती, थेट रबरी ठोकळ्यापर्यंत. दांडा संपला की धक्का तो ठोकळा घेतो. आणि ठोकळा चेपून चपटा झाला होता.

"पकडलं," जमिनीवरूनच ती म्हणाली.

पण ऐंशीला असं का व्हावं ते तिलाही कळेना. तेव्हा आम्ही काउकोकडे गेलो. काउको गावाबाहेर बंद पडलेल्या डेअरीत राहतो आणि मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींचे शॉक दुरुस्त करतो. माणसांशी बोलायचा त्याला कंटाळा. तो क्लबच्या कुठल्याच कार्यक्रमाला येत नाही. त्यानं शॉक हातात धरून दांडा दाबला, सोडला, आणि तो परत बाहेर यायला किती वेळ लागतो ते बघत बसला. मग पुन्हा तेच केलं. तोवर आमची कॉफी पिऊन झाली.

"आत जातो. बाहेर यायला आळस करतो," शेवटी तो म्हणाला.

"म्हणजे?"

तो उठला, दाराच्या पायऱ्यांवर गेला. गुडघे वाकवून एक पायरी उतरला आणि ते सरळ न करताच दुसरी उतरला, मग तिसरी. चौथ्या पायरीला त्याचं बूड पायरीला टेकलं. सत्तरीच्या माणसाला असा बसत उतरताना पाहून मला हसू आवरेना, पण हेलेवी हसली नाही.

"प्रत्येक लाटेला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते," ती सावकाश म्हणाली. "एक लाट संपून चाक खाली यायच्या आतच पुढची येते. म्हणजे माथ्यावर पोचलो तेव्हा..."

"तेव्हा तुमच्याकडं उरलंच नव्हतं काही," काउको म्हणाला. "ठोकळ्यावर बसून उडी मारलीत. मागून लाथ बसणारच. नाक खाली, आणि मग शेतात."

हेलेवीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान फिरवली, कारण मला रडू येत होतं. नऊ महिने मी तो एक सेकंद शोधत होते, आणि तो हरवलेलाच नव्हता.

पुढचे दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. स्प्रिंगा लांब आणि मऊ घेतल्या, गाडी पाच बोटं वर उचलली. काउकोनं शॉक खोलून आतल्या पातळ चकत्यांची रचना बदलली. आता चाक खाली झटकन यायचं, पण उडीनंतरचा मोठा आपटा मात्र शॉक कडक होऊन झेलायचा. हेलेवीचा नियम एकच: एका वेळी एकच बदल. बदल करायचा, तीनदा जायचं, पट्ट्या बघायच्या, लिहायचं. दोरा ताणून आणि दोन खिळे ठोकून आम्ही पुढच्या चाकांची दिशा मोजली. मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा असतो, गाडीला झुकू न देणारा, तो तिनं एक दिवस सरळ काढून गोठ्यात टाकला. त्यामुळं वळणातून बाहेर पडताना मागची दोन्ही चाकं जमीन धरून राहायला लागली.

चुकाही झाल्या. एकदा शॉक इतका सैल झाला की गाडी वळणानंतर डुलतच राहिली, डुलता डुलता खंदकात गेली. तीन दिवस त्यात गेले. हेलेवीनं पाना फेकला, काउकोला नको नको ते बोलली. काउकोनं पाना उचलून दिला. "मी जास्त केलं," एवढंच म्हणाला, आणि एक चकती परत घातली.

जुलैच्या शेवटी एका सकाळी मी स्टॉपवॉच गवतात ठेवलं आणि हेल्मेट घातलं. माझा पट्टा हेलेवीनं स्वतः ओढून पाहिला, दोनदा. लाटा आल्या तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. खालून घरघर ऐकू आली, चाकं वेड्यासारखी वरखाली होत होती हे पायांना कळत होतं, पण माझी वही मांडीवर शांत होती. मी डोळे उघडले. अक्षरं वाचता येत होती.

"हेलेवी, मला वाचता येतंय!"

"मग वाच की! गप्प का बसलीस?"

ऑगस्टमध्ये रॅलीआधीच्या तपासणीच्या मैदानात आमची गाडी ढकलत आणली तेव्हा पहिला हशा तिथंच झाला. बाकीच्या गाड्या जमिनीला चिकटलेल्या. आमची बोकडासारखी उंच पायांवर उभी. कुणीतरी बॉनेट दाबलं, ती सावकाश खाली गेली आणि वर आली.

"अगं, गाडी आहे का सोफा?"

"वळणावर झोपते म्हणे. गाभण गाय आहे ती, जपून चालवा!"

"गाय आहे ना?" हेलेवी म्हणाली. "मग शिंगांपासून लांब राहा."

रेयो आला. चेहरा गंभीर. तपासणी करणारी बाई शेजारच्या जिल्ह्यातली होती, आमच्या कुणाच्या ओळखीची नव्हती. तिला बाजूला घेऊन, पण आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ही गाडी मागच्या वर्षी उलटली आहे. आणि आता यांनी ती आणखी उंच केलीय, झुकू न देणारा दांडा काढून टाकलाय. हे धोक्याचं आहे. अध्यक्ष म्हणून मला वाटतं, हिला सोडू नये."

हेलेवी पुढं झाली. "कुठल्या नियमानं?"

"नियमाचा प्रश्न नाही, शहाणपणाचा आहे."

"शहाणपण मागच्या वर्षी तुम्ही बसवलं होतं, रेयो. ते घेऊन मी शेतात गेले. आता नियम दाखवा, नाहीतर बाजूला व्हा. लाइन अडलीय."

बाईनं जॅक लावला. प्रत्येक चाक धरून हलवलं, प्रत्येक सांधा, प्रत्येक बोल्ट पाहिला. मग उठली, गुडघे झटकले आणि काचेवर मंजुरीची चिठ्ठी चिकटवली.

"उंचीची वरची मर्यादा पुस्तकात नाही," ती म्हणाली. "आणि या गाडीचे बोल्ट आज मी पाहिलेल्यांत सगळ्यात नीट आवळलेत."

पहिले दोन टप्पे गुळगुळीत, रुंद रस्त्याचे होते. तिथं आम्ही मार खाल्ला. गाडी खरंच झुकायची, दिशा बदलायला क्षणभर घ्यायची, आणि कडक गाड्या पुढं निघून जायच्या. दोन टप्प्यांत नऊ सेकंद गेले. थांब्यावर मोहरी लावलेलं सॉसेज खात एकजण म्हणाला, "दांडा गोठ्यातून आणून देऊ का?" हेलेवीनं त्याच्या हातातलं सॉसेज घेतलं, अर्धं खाल्लं आणि परत दिलं.

तिसरा टप्पा रिस्टोला.

सुरुवातीच्या रेषेवर मी वही गुडघ्यांत दाबून धरली. हेलेवी पुढंच बघत होती.

"मेर्वी."

"काय?"

"मागच्या वर्षी जसं म्हणाली होतीस तसंच म्हण. एक शब्द बदलू नकोस."

आणि आम्ही सुटलो. बर्चच्या झाडीतून, दगडी पुलावरून, मग उजवीकडे लांब वळण. गाडी झुकली, बसली, आणि धरून राहिली. समोर तो चढ दिसला, आणि चढाच्या आधी त्या लाटा. या वर्षी रस्ता आणखी बिघडला होता. आपोआप माझा पाय गाडीच्या तळावर दाबला गेला, जणू ब्रेक माझ्याच बाजूला आहे. हेलेवीनं पाय उचलला नाही.

"उंचवटा, सरळ सोड!" मी ओरडले. माझा आवाज मी स्वतः ऐकला. वेळेवर होता.

खाली घरघर सुरू झाली आणि वाढत गेली. गाडी खाली बसली नाही. एकेका लाटेला चाक खाली जात होतं, परत येत होतं, परत जात होतं, आणि माथ्यावर आलो तेव्हा ती पूर्ण उंचीवर उभी होती. मग आवाज थांबला. सगळं थांबलं. डावीकडं रायचं शेत खाली दिसलं, कापणीला आलेलं, पिवळं.

चारही चाकं एकदम टेकली. एक लांब, खोल 'हूं' असा आवाज आला, एखादा जाडा माणूस खुर्चीत बसताना काढतो तसा, आणि गाडी पुढं निघालीसुद्धा.

"पुढं डावं वळण आहे!" मी ओरडले.

"माहितेय मला!" हेलेवी ओरडली. "वाच, वाच!"

त्या टप्प्यात आमच्या गटात आमचा वेळ सर्वांत चांगला होता, दुसऱ्यापेक्षा सहा सेकंदांनी. रेयोचा संच बसवलेल्या दोन गाड्या तिथं मागून उडून रस्त्याबाहेर गेल्या. सुदैवानं कुणाला फार लागलं नाही. दिवसाच्या शेवटी आम्ही गटात दुसऱ्या आलो, तीन सेकंदांनी पहिला नंबर गेला. गुळगुळीत रस्त्यावरचे ते नऊ सेकंद मला अजून सलतात. हेलेवीला सलत नाहीत म्हणे, पण मी तिला ओळखते.

बक्षिसं शाळेच्या पटांगणातच होती. काउको आला होता. गर्दीपासून लांब, सायकलींच्या रांगेशी उभा राहून वेलचीचा पाव खात होता, कुणी ओळखीचं भेटू नये अशा बेतानं.

रेयोनं हेलेवीच्या हातात चषक दिला आणि माइकवर म्हणाला, "हिमतीच्या आहेत दोघी बहिणी, टाळ्या झाल्याच पाहिजेत. गाडी जरा झुकते, पण त्याचं बघू आपण पुढच्या वर्षी."

लोक हसले. हेलेवीनं त्याच्या हातातला माइक घेतला. ती माइकवर कधी बोललेली नव्हती, त्यामुळं फारच मोठ्यानं बोलली.

"झुकते. झुकू दे. चाकं जमिनीवर असतात तिची. आणि मेर्वीनं मागच्या वर्षी नोट वेळेवर वाचली होती. आज ज्या दोन गाड्या उडाल्या, त्यांच्या चालकांनो, तुमचीही काही चूक नव्हती. रेयो कागद आणून देईल, त्यावर सही करू नका."

माइक कुंई करून वाजला. तिनं तो परत दिला. रेयोचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "हे सिद्ध झालेलं नाही." ते त्याला आजही सिद्ध झालेलं वाटत नाही. त्याच्या गॅरेजात अजून तोच संच लावतात.

आम्ही गाडीपाशी आलो तर दुसऱ्या क्लबची एक चालक तिथं वाट बघत होती. तिशीतली, केसांत चिखल, डाव्या मनगटाला पट्टी. रिस्टोलावर उडालेल्यांपैकी एक. संच तिनं रेयोकडूनच घेतला होता.

"मला सगळे म्हणतात, पाय आधी काढायला हवा होता," ती म्हणाली. "मी काढला नाही, खरंय. पण तूही काढला नाहीस."

"नाही काढला."

"मग किती उचललीय गाडी? मागून किती, पुढून किती?"

हेलेवीनं चषक माझ्या हातात दिला आणि होती त्या कपड्यांत ओल्या गवतावर पाठ टेकून गाडीखाली सरकली. "ये, अशी आडवी हो," आतून आवाज आला. "मनगट जपून. ती प्लास्टिकची पट्टी दिसते का? तिथून सुरुवात कर."

ती मुलगी क्षणभर माझ्याकडं बघत राहिली, मग तीही खाली सरकली. मी दोघींची हेल्मेटं आणि चषक सांभाळत उभी राहिले, आणि गाडीखालून चार बूट बाहेर दिसत होते.